खडकाची साल

१

पैज लागली ती सकाळी, कचऱ्याचे डबे रस्त्याच्या कडेला ओढत आणताना. शहाणी माणसं अशा वेळी जांभई देतात आणि घरात जातात. पण मर्व्ह झुपानला शहाणा म्हणायची चूक टॅनेजर लेनवर आजवर कुणी केली नव्हती.

बातमी आणली समोरच्या डोलोरेस क्वार्ल्सने. अंगावर झोपायचा झगा, पायात नवऱ्याचे बूट, हातात कॉफीचा मग. "ऐकलंस का? शाळेचा खडक फोडला. रात्रीतून. आज होमकमिंग, सगळ्या जुन्या बॅचेस सामन्याला गावात, आणि आजच."

मर्व्हच्या हातून डबाच सुटला. बावन्न वर्षांचा हा गडी धंद्याने विमा कंपनीचा तपासनीस. लोकांनी आपल्याच हाताने पेटवलेली गॅरेजं हुंगत फिरायचं आणि पोट भरायचं. पण गावात त्याची ओळख निराळीच. ब्रॅनिक हाइट्स हायस्कूलमध्ये असताना मुख्याध्यापकांची मोटार सुटी करून, त्यांच्याच खोलीत नेऊन पुन्हा जोडून ठेवणारा तो हाच. शाळा सुटून जमाना झाला, खोड सुटली नाही.

"नॉर्थ ब्रॅनिकवाले," तो म्हणाला. "संध्याकाळी फुटबॉलचा सामना त्यांच्याशी, आणि आदल्या रात्री आमचा खडक फुटतो. यात तपास तो काय करायचा?"

"नॉर्थची पोरं नाहीत ती."

हे बोलला वॉल्ट लिंडक्विस्ट, शेजारचा. लोकांच्या न्हाणीघरात फरशा बसवणारा, उंच, खांद्यात वाकलेला, शब्द तोळ्याने मोजून देणारा माणूस. हातात त्याच्या म्हाताऱ्या कुत्रीचा पट्टा. "आपल्यातलंच कुणीतरी असणार."

"मग लाव पैज," मर्व्ह म्हणाला. नेहमीसारखं, उगाच.

"लावली."

मर्व्ह बघतच राहिला. वॉल्ट आणि पैज? या माणसाने कधी पाऊस पडेल की नाही यावरसुद्धा मत दिलं नव्हतं.

डोलोरेसला उकळ्या फुटल्या. "मग ऐका. हरेल त्याने आज मध्यंतराला बदक व्हायचं."

बदकाचं सोंग म्हणजे शाळेचा मान. पिवळे पाय, पांढरी पिसं, आणि आत कित्येक बॅचेसचा मुरलेला घाम. मध्यंतराला त्याने मैदानाच्या अगदी मधोमध बसायचं, शेपूट हलवायची आणि समोरच्या संघाच्या नावाने अंडं घालायचं, अशी रीत. एरवी हे काम सोळा वर्षांच्या कुठल्यातरी धडधाकट पोराचं. या वयात अंडं घालणाऱ्याला गाव जन्मभर विसरू देणार नव्हतं.

"कबूल," वॉल्ट म्हणाला. मग कुत्रीकडे बघत, जाता जाता: "आणि फुटला नसेल तो. रंगाचा पापुद्रा गेला असेल फार तर. दगडाला कोण कशाला दुखवेल?"

मर्व्हचं तिकडे लक्षच नव्हतं. पिवळ्या पायांत वॉल्ट कसा दिसेल, याच विचाराने त्याला हसू आवरेना.

२

खडक शाळेच्या गाड्या लावायच्या जागेच्या तोंडाशीच होता. दरवर्षी सप्टेंबरात शेवटच्या वर्षाची बॅच तो आपल्या रंगाने रंगवायची आणि त्यावर प्रत्येकाने पांढऱ्या रंगात बुडवून आपला पंजा उमटवायचा. मग वर्षभर कुणाचा वाढदिवस, कुठला विजय, कुणी कुणाला नाचाला बोलावणं, सगळं त्याच्यावरच. एका रंगावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. बॅचेस जात राहिल्या आणि खडक फुगत राहिला. आता तो खडक कमी आणि रंगच जास्त होता.

आणि हे त्याचं शेवटचं होमकमिंग. पुढल्या वर्षी शाळा नॉर्थमध्ये विलीन होणार होती. जुन्या थरांमध्ये शिसं निघालं म्हणून येत्या सोमवारी खडक उचलून कुठेतरी विषारी कचऱ्यात पुरायचा, असं शाळा मंडळाने ठरवलं होतं.

मर्व्ह पोचला तेव्हा मुख्याध्यापक ग्रेडी स्टॉब्ज कमरेवर हात ठेवून उभा होता. शाळेत तो मर्व्हच्या मागच्या वर्गात, आणि मर्व्हनेच त्याला एकदा ट्युबाच्या, त्या भल्यामोठ्या पितळी भोंग्याच्या, पेटीत अख्खा तास कोंडून ठेवलेला.

"काल रात्री कुठे होतास?" स्टॉब्जने नमस्कार-चमत्काराच्या आधी विचारलं.

"घरी. झोपलो होतो."

"साक्षीदार?"

"बायको सोडून गेली, ग्रेडी. तिला फोन कर. मी झोपेत कसा घोरतो ते ती शपथेवर सांगेल."

"मर्व्ह, तुझा हात असेल तर आत्ताच सांग."

"माझा हात असता तर आत्तापर्यंत तुला शाळेच्या छपरावरून भोंग्याने सांगितलं असतं."

हे बोलला आणि स्वतःच थबकला. कारण यातच सगळं आलं. खोडी काढणाऱ्याला खोडीपेक्षा तिची बोंब प्यारी असते. नॉर्थवाल्यांनी काही नेलं की ते सकाळी सात वाजता आपल्या दारावर टांगतात, फोटो काढतात, त्याच्या नावाने गाणं रचतात. आज तिकडे सगळं चिडीचूप होतं.

तो खडकाच्या मागे गेला. मागच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, एक चौकोन कापून नेलेला. केकच्या ट्रेएवढा. कडा सरळ, सुरीने कापल्यासारख्या. खालचा दगड शाबूत. चौकोनाच्या आत बघितलं तर कापलेल्या कांद्यासारखे रंगांचे थर, आणि तळाशी दगड नव्हताच, तळाशी हिरवा रंग होता. म्हणजे चोर मध्येच थांबला होता.

आणखी एक गंमत. खडकावर कालच दुपारी मरून रंग चढला होता, पुरता वाळलेला नव्हता. चौकोनाच्या चारी बाजूंनी दोन बोटं रुंदीची पट्टी होती, तिथला तेवढा मरून रंग सोलून निघालेला.

"चिकटपट्टी लावली होती," मर्व्ह पुटपुटला. "आधी चिकटपट्टी, मग काप. कडा तडकू नयेत म्हणून. ग्रेडी, तोडफोड करणारा माणूस कडांची काळजी करतो का रे?"

"तुझं शेरलॉकपण ठेव तुझ्यापाशी," स्टॉब्ज म्हणाला. "चोर सापडलाय. तिच्या गाडीच्या डिकीत या खडकाच्या चुऱ्याने भरलेली पिशवी मिळाली. बॅंडची म्होरकी. टेसा व्रबेल."

३

होमकमिंगच्या आदल्या रात्री खडकावर पहारा असतो. शेवटच्या वर्षाची पोरं पाळीपाळीने बसतात. टेसाची पाळी पहाटेची. जोडीदारीण तापाने फणफणलेली, म्हणून ही एकटीच होती. आणि पहाटेनंतर खडकाला भोक.

"चुरा झाडला म्हणते, त्यापुढे काही बोलतच नाही पोरगी," स्टॉब्ज सांगत होता. "हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. आज ती बॅंडपुढे उभी राहणार नाही. आणि सोमवारी निलंबन. संगीताच्या कॉलेजने घेतलंय तिला, त्यांना कळवावंच लागेल. नियम आहे."

"चुरा तिच्याकडे. मग तुकडा कुठाय?"

"ते तिने सांगावं."

मर्व्ह तडक चित्रकलेच्या वर्गात गेला. चित्रकलेच्या बाई कॉर्लिस बेन तिथे ब्रश धूत होत्या. खडकाचा आडवा काप घेऊन तो काचेत ठेवा, असं त्या वर्षभर मंडळाला विनवत होत्या, भांडत होत्या, एका बैठकीतून त्यांना बाहेरही काढलं होतं. चोरीचं कारण म्हणाल तर त्यांच्याकडे पोतंभर.

"या," त्या म्हणाल्या. "हातकड्या आणल्यात का?"

"घरी विसरलो. तुम्ही केलंत का?"

"करायला हवं होतं. धीर झाला नाही." त्यांनी ब्रश झटकला. "पण मी केलं असतं तर दगडापर्यंत गेले असते. मला सगळे थर हवे होते, पहिल्या बॅचपासून. तुमचा चोर अर्ध्यात थांबला. त्याला इतिहास नको होता, मिस्टर झुपान. त्याला एकच थर हवा होता."

मर्व्हला हे पटलं. पटलं म्हणून जरा रागही आला, कारण हे त्याला सुचायला हवं होतं.

"तळाशी हिरवा आहे," तो म्हणाला.

"हिरवी बॅच. मी नोकरीला लागले तेव्हाची. म्हणजे नेलेल्या तुकड्यात सगळ्यात खालचा थर तिच्या पुढच्या बॅचचा." त्यांनी नळ बंद केला. "जांभळी. त्या वर्षी मीच रंग कालवून दिला होता. पोरींना फिका हवा, पोरांना गडद. शेवटी वांग्यासारखा झाला. हसली सगळी."

"त्या बॅचचं कुणी गावात आहे?"

"पांगली. शहरात गेली." त्यांनी पुन्हा नळ सोडला आणि पाण्याकडे बघत राहिल्या. "सगळी नाही जगली त्यातली. मुलीला जाऊन विचारा. ती कुणाला तरी पाठीशी घालते आहे. मी तीस वर्षं मुलांना पाहते, चोरी केलेलं मूल असं ताठ बसत नाही."

४

टेसा बॅंडच्या खोलीत ढोलांच्या रांगेमागे बसली होती. गणवेश अंगात, पांढरे हातमोजे मांडीवर. ते घालायचे की नाही, हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

मर्व्ह एका उपड्या ढोलावर टेकला.

"मी तुझ्या बाजूने आहे," तो म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात. मग डिकी उघडायला लावतात."

"बरं, मग बाजू सोड. मी पैज लावली आहे. तू बोलली नाहीस तर मला बदक व्हावं लागेल."

तिला हसू आलं, पण ओठांपर्यंत येऊन मावळलं. "चुरा मी गोळा केला. त्यात शिसं असतं. सकाळी लहान भावंडं येतात खडकाशी खेळायला. एवढंच मी स्टॉब्ज सरांना सांगितलं. ते म्हणाले, बाकीचं सांग."

"आणि बाकीचं?"

"तुम्ही पहारा केलाय ना, मिस्टर झुपान?"

केला होता. आणि ती कशावर बोट ठेवते आहे ते त्याच्या लक्षात आलं. पहाऱ्याची एक जुनी रीत आहे. अंधारात कुणी खडकाजवळ आलं तर पहारेकऱ्याने एकच प्रश्न विचारायचा: कोणता रंग? येणाऱ्याने आपल्या बॅचचा रंग सांगायचा. सांगितला की त्याला जाऊ द्यायचं. पुढे काही विचारायचं नाही, आणि कोण आलं होतं ते कुणाला सांगायचं नाही. मर्व्हच्या पाळीला एक टक्कल पडलेला माणूस आला होता, 'आकाशी' म्हणाला होता आणि खडकाला कपाळ टेकून ढसाढसा रडला होता. मर्व्हने आयुष्यात एवढं एकच गुपित पाळलं. आजही त्या माणसाचं नाव त्याच्या तोंडातून निघालं नसतं.

"पण हा तर नुकसान करून गेला," तो म्हणाला. "रीत काय, नुकसानालाही लागू आहे?"

"रीतीत तसं काही म्हटलेलं नाही."

"तुझं कॉलेज जाईल, पोरी."

"माहितीये." तिने हातमोज्यांची बोटं एकात एक अडकवली. "आजच्या दिवशी तरी पुढे उभं राहायचं होतं. शेवटचा बॅंड आहे हा. माझ्यानंतर कुणी नाही." मग अगदी हळू म्हणाली, "एक विचारू? तुमच्या वेळी असं कुणी आलं होतं का, ज्याला स्वतःचा रंगच नव्हता?"

मर्व्हने मान हलवली. नाही.

"मग तुम्ही काय केलं असतं?"

मर्व्ह ढोलावरून उठला. डोक्यात एकामागून एक कड्या जुळत गेल्या. स्वतःचा रंग नाही, म्हणजे तो या शाळेचा नव्हेच. तरी त्याने रंग सांगितला. जांभळा. कुणा दुसऱ्याचा रंग.

त्याने गाडी काढली ती शाळेच्या फाटकातून सरळ घराकडे.

५

वॉल्टच्या गॅरेजचं दार अर्धं खाली ओढलेलं. आतून तापलेल्या रंगाचा वास येत होता.

"वॉल्ट," मर्व्ह बाहेरूनच म्हणाला. "पैज मी हरलो."

आतलं यंत्र बंद झालं.

"माझ्या न्हाणीघरात फरशी बसवलीस तेव्हा कापायच्या प्रत्येक रेघेवर आधी चिकटपट्टी लावायचास. मी हसलो होतो तुला. सकाळी म्हणालास, पापुद्रा गेला असेल, दगड शाबूत असेल. तेव्हा डोलोरेसलासुद्धा ते माहीत नव्हतं. आणि नॉर्थच्या पोरांवर आळ आला तेव्हा तोंड उघडलंस, एरवी उघडत नाहीस. दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊ नये म्हणून पैजेपर्यंत गेलास." तो दाराकडे एक पाऊल सरकला. "रोज कुत्रीला घेऊन जातोस तेव्हा खडकाच्या मागे थांबतोस. हात टेकवून. मला वाटायचं, दम खातोस."

दार वर गेलं.

वॉल्टच्या मागे, कामाच्या टेबलापाशी, त्याची बायको जून स्टुलावर बसली होती. टेबलावर चादरीच्या घडीवर तो तुकडा. वरचे थर वॉल्टने गरम हवेने एकेक करून सोलले होते. मरून, निळे, केशरी पापुद्रे बाजूला केळीच्या सालींसारखे पडलेले. खाली वांग्याच्या रंगावर चार-पाच पांढरे पंजे, एकमेकांत शिरलेले. त्यातल्या एकाजवळ जूनची बोटं होती. लावलेली नाहीत, नुसती जवळ.

एलिन त्यांची एकुलती मुलगी. जांभळ्या बॅचची. त्या वर्षी मार्चमध्ये बर्फावरून गाडी घसरली, पदवीदानाला तिची खुर्ची रिकामी ठेवली होती. मर्व्ह त्या अंत्यविधीला गेला होता. नंतर त्याने कधी तिचं नाव काढलं नाही. त्याला वाटायचं, हीच माणुसकी.

"याकडे बघ," जून म्हणाली. तिने त्याला बोलावलंसुद्धा नाही, जणू तो सकाळपासून तिथेच होता. "अंगठा बघ."

पंजाच्या अंगठ्याचा ठसा मधेच जाड होता, कडेला जाळीची नक्षी उमटलेली.

"पट्टी," जून म्हणाली. "सकाळी पाव कापताना बोट कापून घेतलं तिने. मीच पट्टी बांधली. 'आज पंजा उमटवायचाय, रंगात भिजेल' म्हणाली, मी म्हटलं, भिजू दे. मर्व्ह, मी हे विसरले होते. पार विसरले होते. मला वाटायचं तिचं सगळं, सगळं मला पाठ आहे."

कुत्री उठली, वॉल्टच्या पायावर जाऊन पुन्हा पडली.

"मंडळवाल्यांना विचारलं का नाहीस?" मर्व्ह म्हणाला.

"विचारलं असतं आणि नाही म्हणाले असते," वॉल्ट म्हणाला, "तर मग चोरीसुद्धा करता आली नसती. पहिलं नाव माझंच आलं असतं." त्याने नाक पुसलं. "पहाऱ्याला पोरगी होती. तिने रंग विचारला. मी सांगितलं, जांभळा, पण माझा नाही. ती बाजूला झाली. मग केरसुणी घेऊन आली."

"तिला धरलंय, वॉल्ट. आज बॅंड नाही, सोमवारी निलंबन. कॉलेज गेलं. ती तोंड उघडत नाही."

वॉल्टने खुंटीवरचा कोट ओढला. "चल. आत्ता."

"बस खाली."

"मर्व्ह, ते लेकरू आहे."

"बस म्हणतो ना. तू जाशील, खरं सांगशील, स्टॉब्ज रडेलसुद्धा कदाचित. मग वकिलाला फोन करेल, कारण तो स्टॉब्ज आहे. शाळेची मालमत्ता, त्यात शिसं. हा तुकडा पिशवीत घालून सीलबंद करतील आणि सोमवारी खडकाबरोबर पुरतील." जूनचा हात पंजावर पडला, पहिल्यांदाच, पुरता. मर्व्हने तिकडे बघायचं टाळलं. "हे काम इज्जतदार माणसाचं नाही. याला नावाजलेला बदमाश लागतो. सुदैवाने शेजारीच राहतो."

"मी हे होऊ देणार नाही," वॉल्ट म्हणाला.

"तुला कोण विचारतंय? पैज जिंकलास, घरी बस."

६

"मला माहीत होतं," मर्व्हचा कबुलीजबाब ऐकून स्टॉब्ज म्हणाला. ट्युबाच्या पेटीतून इतक्या वर्षांनी बाहेर पडल्यासारखा त्याचा चेहरा उजळला. "सकाळीच माहीत होतं."

"तुझ्यापासून काही लपत नाही."

"आणि मुलगी?"

"तिला मोहरी सांगितलं, माझा रंग. वर थाप मारली की परवानगी आहे, हे शाळेचंच काम चाललंय. तिने भाबडेपणाने मागे पडलेलं झाडून घेतलं. आणि रीत पाळली. शाळेत सगळ्यात सरळ पोरगी तीच निघाली, तर तू तिलाच सोलायला बसलास."

"तुकडा?"

"नदीत."

"अरे पण का?" स्टॉब्जला खरंच कळत नव्हतं. "गंमत तरी काय यात?"

मर्व्हकडे आयुष्यभर या प्रश्नाला उत्तर असायचं. आज शोधावं लागलं. "शेवटचं वर्ष आहे, ग्रेडी. सोमवारी सगळंच नेणार. वाटलं, काहीतरी उरलं पाहिजे." त्या सगळ्या भेटीत खरं बोलला ते एवढंच.

पोलीस नकोत, असं ठरलं. पण ध्वनिक्षेपकावरून नाव जाहीर होणार, आणि आजच्या रात्रीनंतर मर्व्ह झुपानने शाळेच्या आवारात पाय ठेवायचा नाही. टेसाला फोन गेला: हातमोजे घाल.

डोलोरेस मैदानाच्या फाटकाशीच भेटली. सोंगाची पिशवी तिने स्वतः आणली होती. "आपल्यातलाच निघाला म्हणे. स्वतःच चोर, आणि स्वतःच सांगतोस नॉर्थवाले. वॉल्टसारख्या गरीब माणसाला फसवायला लाज नाही वाटली?"

"वाटली ना. म्हणून तर बदक होतोय."

मर्व्हला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. पिशवी त्याच्या छातीवर ढकलून चालू लागली.

मध्यंतर झालं. दिव्यांखाली मैदान हिरवंगार, दोन्ही बाजूंच्या बाकांच्या रांगा माणसांनी फुललेल्या. ध्वनिक्षेपकावर स्टॉब्जचा आवाज घुमला: खडकाचं नुकसान कुणी केलं ते कळलंय, त्याने गुन्हा कबूल केलाय, आणि तो, मर्व्ह झुपान, आत्ता तुमच्यासमोर येतोय. बदक पिवळ्या पायांनी फटक फटक करत मैदानात शिरलं.

आधी थोडं हसू आलं, मग नाव ऐकलेल्यांनी न ऐकलेल्यांना सांगितलं आणि हसू विझलं. पहिली हुर्यो मोहरी बॅचच्या रांगेतून उठली. मोटारीची गोष्ट सांग म्हणून दरवर्षी ज्यांनी त्याला बिअर पाजली होती, तेच. हिरवे, केशरी, आकाशी, सगळ्यांचे पंजे होते त्या खडकावर. गरम चॉकलेटचा एक कप बदकाच्या पाठीवर आपटला. एक बाई ओरडली, तिच्या भावाचा पंजा तिथे होता, तो परत देणार आहेस का? चोचीच्या फटीतून मर्व्हला तेवढंच जग दिसत होतं, एक आडवी रेघ. त्या रेघेत वॉल्ट होता, अर्धा उठलेला. आणि जून, दोन्ही हातांनी त्याची बाही ओढून धरलेली.

बदकाने वॉल्टकडे बघून चोच डावी-उजवीकडे हलवली. लोकांना वाटलं, नाचतंय. हुर्यो वाढली.

मधल्या रेषेवर जाऊन ते बसलं. ढोपरं कुरकुरली. आता बॅंडने अंड्याची ती वेडगळ धून वाजवायची, आणि त्या तालावर शेपूट हलवायची. बॅंड समोरच उभा होता. त्याच्यापुढे टेसा, हातमोजे घातलेली, हात वर उचललेला.

हात वरच राहिला. तिने बदकाकडे पाहिलं. बाकांवरच्या गर्दीकडे पाहिलं. मग हात खाली घेतला, वळून पहिल्या रांगेला काहीतरी म्हणाली, आणि वाजवणाऱ्यांनी एकमेकांकडे बघत वाद्यं पुन्हा तोंडाला लावली.

अंड्याची धून नव्हती ती. शाळेचं गीत होतं.

ते लागलं की उठायचं असतं. कुठेही असा, कितीही चिडलेले असा, तोंडात घास असला तरी. पहिल्या ओळीला म्हातारे उठले, दुसऱ्या ओळीला सगळे. टोप्या निघाल्या. समोरच्या नॉर्थच्या पोरांनीसुद्धा हेल्मेटं काखेत घेतली. शिव्या देणाऱ्या तोंडांना शब्द पाठ होते, ते आपोआप फुटले. भावाचा पंजा मागणारी बाई गात होती, स्टॉब्ज गात होता, डोलोरेस बेसूर गात होती. वॉल्ट टोपी छातीशी धरून ताठ उभा होता, खांद्यात न वाकता, आणि गात नव्हता. जूनने आपला उघडा हात समोर धरला होता, जणू कुणाच्या तरी हातात द्यायला.

अख्खं मैदान उभं राहिलं होतं. बदक तेवढं मधोमध बसून होतं. त्याची शेपूट हलत होती, पाठही हलत होती, आणि आत हसू आहे की हुंदका, कुणाला कळत नव्हतं. अंडं घालायचं राहिलंच होतं.